एकदम तीन दिवे! फोर-व्हील ड्राइव्हच्या पिवळ्या दिव्याची गोष्ट

(आमच्या पॉडकास्टच्या भागाचा हा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी सावरली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.)

कानात इअरफोन असेल, लोकलमध्ये उभे असाल, तर जरा टेकायला जागा शोधा. आजची गोष्ट सुरू होते वाशीच्या खाडीपुलावर.

जुलै महिना. रात्रीचे साडेनऊ. मी आणि दादा चेंबूरहून वाशीला घरी येत होतो. दादाने तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घेतलेली. घरात पहिलीच जर्मन गाडी, त्यामुळे आईने नारळ फोडून, हार घालून रीतसर पूजा केलेली. मानखुर्दच्या पुढे रस्त्यावर गुडघ्याच्या जरा खाली पाणी होतं, त्यातून गाडी आरामात निघाली. दादा खूश. पूल निम्मा ओलांडला आणि मीटरमध्ये टिंग असा आवाज आला. तीन पिवळे दिवे एकदम पेटले. एकावर एबीएस, एकावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र, आणि तिसरा फोर बाय फोरचा.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "गेली! गिअरबॉक्स गेला, लाखभर रुपये गेले!"

टोलनाका ओलांडून त्याने गाडी कडेला घेतली. आता प्रश्न एकच, जो अशा वेळी प्रत्येकाला पडतो. गाडी चालवायची की टोचन करून न्यायची? त्याचं उत्तर आम्हाला त्या रात्री कसं मिळालं ते शेवटी सांगते. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. हे तीन दिवे एकत्र का पेटले? आणि गाडीच्या चारही चाकांना ताकद देण्याच्या कामासाठी वेगळा दिवा लागावा, अशी वेळ कधी आणि कशी आली? शोधायला बसले, तर मोठा इतिहासच हाती लागला.

दिवा नव्हता, दांडा होता

फोर-व्हील ड्राइव्ह जर्मनांनी शोधलं असं आपल्याला उगाच वाटतं. १९०३ मध्ये हॉलंडच्या स्पायकर कंपनीने चारही चाकांना ताकद देणारी गाडी बनवली होती. पण जगाला ही गोष्ट खऱ्या अर्थाने कळली ती दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमुळे. आणि ही जीप आपल्या अगदी शेजारची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे महाराष्ट्रातल्या किती तरी गावांनी पाहिलेली पहिली सरकारी गाडी म्हणजे जीपच.

त्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. एक पुढच्या चाकांना ताकद जोडायचा, दुसरा हाय-लो गिअर बदलायचा. चिखल आला, ड्रायव्हरने दांडा ओढला, पुढची चाकं कामाला लागली. डांबरी रस्ता आला, दांडा परत जागेवर. कधी काय करायचं ते डॅशबोर्डवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवर लिहिलेलं असायचं.

आणि दिवा? फोर बाय फोरचा दिवा नव्हताच. गरजही नव्हती. दांडा कुठे आहे ते हाताला कळायचं. विसरून कोरड्या रस्त्यावर चारही चाकं जोडलेलीच ठेवली, तर वळताना गाडी अडखळायची, स्टिअरिंग जड व्हायचं. कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोघांना एकत्र बांधून ठेवलं, की कोणाला तरी घसरावं लागतं. चिखलात ते चालतं, कोरड्या डांबरावर नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच वाक्याभोवती फिरते.

फिनलंडचा बर्फ

आता जाऊया १९७६-७७च्या हिवाळ्यात, फिनलंडला. ऑडीचे इंजिनिअर बर्फात गाड्या तपासत होते. सोबत इल्टिस नावाची एक लष्करी गाडी होती. जर्मन लष्करासाठी बनवलेली, दिसायला खोक्यासारखी, ताकद फक्त ७५ हॉर्सपॉवर. पण बर्फावर ती कितीतरी ताकदवान गाड्यांच्या पुढे निघून जात होती. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरच्या मनात आलं, की हेच तंत्र रोजच्या वापराच्या वेगवान गाडीत घातलं तर? त्याचा साहेब होता फर्डिनांड पिएख. त्याने कल्पना उचलून धरली.

जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी नमुना गाडी ऑस्ट्रियातल्या एका घाटात नेली, टुराखर ह्योहे नाव त्याचं. चढ जवळपास २३ टक्के, रस्त्यावर बर्फ, आणि गाडीला टायर साधे उन्हाळी, साखळ्याही नाहीत. गाडी चढली. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो लोकांसमोर आली. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, मिशेल मूटाँ या फ्रेंच ड्रायव्हरने क्वाट्रो चालवत इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेत फेरी जिंकणारी ती पहिली बाई.

क्वाट्रोची गंमत अशी, की चारही चाकांना ताकद कायम मिळायची, कोरड्या रस्त्यावरसुद्धा. मग वळणावर अडखळत का नव्हती? कारण पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल होतं. ते दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण त्याचा एक तोटा आहे. एक चाक बर्फात मोकळं फिरायला लागलं, की ताकद तिकडेच वाया जाते. म्हणून ड्रायव्हरला डिफरन्शियल लॉक करायची सोय दिली होती. आणि लॉक लावलं, की डॅशबोर्डवर दिवा लागायचा.

बघा, दिवा आला! पण हा दिवा तक्रार करत नव्हता. "तू लॉक लावलं आहेस, काम झालं की काढ," एवढीच आठवण करून देत होता. निर्णय अजून माणसाचाच होता.

मग एक नवा पेच उभा राहिला, एबीएसचा. १९७८ मध्ये बॉशने बनवलेलं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये मिळायला लागलं होतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्यासाठी प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय ते वेगवेगळं कळायला हवं. पण लॉक लावून चाकं एकमेकांना बांधली, तर वेगवेगळं काय कळणार? म्हणून एबीएस असलेल्या पुढच्या काही क्वाट्रो गाड्यांमध्ये मागचं लॉक लावलं की एबीएस बंद व्हायचं, आणि तसा दिवा लागायचा. फोर-व्हील ड्राइव्ह आणि ब्रेक यांची गाठ पडली ती इथे. आमच्या पुलावरच्या तीन दिव्यांचं मूळही इथेच आहे.

गाडी स्वतः ठरवायला लागली

१९८५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मर्सिडीजने फोरमॅटिक दाखवलं आणि १९८७ पासून ते गाड्यांमध्ये मिळायला लागलं. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालायची. एबीएसचे सेन्सर चाकांचा वेग मोजायचे, स्टिअरिंग किती वळलंय तेही मोजलं जायचं. मागचं चाक घसरतंय असं दिसलं, की संगणक पुढची चाकं जोडायचा. ड्रायव्हरने काहीच करायचं नाही. गाडी असं काही करायला लागली, की मीटरमध्ये पिवळा त्रिकोण पेटायचा.

म्हणजे आता दिव्याचा अर्थ बदलला. "तू लॉक लावलंस" ऐवजी "मी काहीतरी करतेय, रस्ता निसरडा आहे, जपून."

गंमत म्हणजे याच पिढीची ई-क्लास १९९५ पासून आपल्या पुण्यात जोडली जायला लागली. भारतात बनलेली ती पहिली मर्सिडीज कार. पुढे २००७ पासून ऑडीच्या गाड्या तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडल्या जायला लागल्या, आणि २००९ मध्ये मर्सिडीजचा कारखाना चाकणला आला. तेव्हा वाशीच्या रस्त्यावर एमएच-४३ पाटीची क्वाट्रो दिसली, तर तिची जोडणी कदाचित मराठवाड्यात झालेली असेल.

पुढच्या वीस वर्षांत तंत्राच्या दोन वाटा झाल्या. एक वाट दात्यांची. १९८६ मध्ये ऑडीने टॉर्सेन नावाचं डिफरन्शियल आणलं. त्यातली गिअरची रचनाच अशी, की कमी पकड असलेल्या बाजूकडे ताकद वाहून जात नाही. त्यात सेन्सर नाही, पंप नाही, म्हणून त्याचा स्वतःचा दिवाही नाही. दुसरी वाट क्लचची. १९९८ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी टीटी यांच्यात स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीचा क्लच आला. तेलात बुडालेल्या क्लच प्लेट, तेलाचा दाब, आणि दाब किती द्यायचा ते ठरवणारा संगणक. २००३ मध्ये बीएमडब्ल्यूने एक्सड्राइव्ह आणलं. तिथे क्लच प्लेट आवळायला एक छोटी इलेक्ट्रिक मोटर असते.

दुसऱ्या वाटेने गेलेल्या गाडीत बिघडू शकणाऱ्या गोष्टी वाढल्या. तेल जुनं होतं, मोटरचे दाते झिजतात, क्लच तापतो. आणि हे सगळं ड्रायव्हरच्या हाताला कळत नाही. ना दांडा, ना लॉक. बोलायला गाडीकडे उरला एकच मार्ग, तो पिवळा दिवा. आता तो म्हणतो, "मला जे करायचं आहे, ते मला करता येत नाहीये."

तीन दिवे एकदम का?

१९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ईएसपी आणलं. गाडी वळणावर घसरायला लागली, तर ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतं. १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास तपासली. रस्त्यात अचानक जनावर आडवं आलं असं समजून गाडी झटकन वळवायची, अशी ती चाचणी. गाडी चक्क उलटली. जगभर बोभाटा झाला. मर्सिडीजने काही काळ विक्री थांबवली आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी दिलं. महागड्या गाड्यांतली ही सोय छोट्या गाड्यांत आली, त्यात या घटनेचा मोठा हात आहे.

आता हिशोब लावा. एबीएसला काय लागतं? चारही चाकांचा वेग. ईएसपीला? चारही चाकांचा वेग, वर स्टिअरिंगचा कोन. फोर-व्हील ड्राइव्हच्या क्लचला? तेच. मग प्रत्येकासाठी वेगळे सेन्सर कोण बसवणार? एकच संच, आणि माहिती सगळ्यांना वाटायची. ही वाटावाटी करणारी तारांची भाषा, कॅन बस, हीसुद्धा बॉशचीच. १९८६ मध्ये ती त्यांनी डेट्रॉइटला जाहीर केली.

आपल्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे. टाकी एक, विंग तीन. टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला, की तिन्ही विंगमध्ये एकदम आरडाओरडा. प्रत्येक विंगची पाइपलाइन फुटली असं कोणी म्हणत नाही. तसंच एका चाकाचा सेन्सर गप्प बसला, की एबीएस, ईएसपी आणि फोर बाय फोर तिघंही हात वर करतात. तिघंही शहाणे आहेत. माहितीवर भरवसा नसेल तर काहीच न केलेलं बरं, असं ठरवून ते स्वतःला बंद करतात आणि दिवा लावतात.

म्हणजे एकदम तीन दिवे पेटले, की भीती तिप्पट वाटते, पण अनेकदा कारण एकच आणि छोटं असतं. एकटा फोर बाय फोरचा दिवा पेटला, तर मात्र क्लच, त्याचं तेल, त्याची मोटर किंवा टायर यांच्याकडे बघावं लागतं.

वाशीत हे सेन्सर का रुसतात, तेही बघूया. १९७० मध्ये सिडको आली आणि १९७३ मध्ये खाडीवरचा पहिला पूल सुरू झाला. वाशीचा बराच भाग खाडीकाठच्या खाजणावर वसलाय, भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर. म्हणून तर आपल्याकडे होल्डिंग पॉंड आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यांच्यात साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, की पाणी तुंबतं. चाकाचा सेन्सर बसतो चाकाच्या अगदी जवळ. त्याची वायर आणि कनेक्टर पाणी, चिखल आणि खाऱ्या हवेत असतात, वर सायन-पनवेल रस्त्यावरचे पावसाळी खड्डे. जर्मनीच्या बर्फासाठी जन्मलेल्या तंत्राला आपल्या खाडीकाठी असा संसार करावा लागतो.

टायरचं गणित

जीपच्या वेळी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवतंय? पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं फिरायला लागली आणि त्यांना एकत्र बांधलं, की कोणाला तरी घसरावं लागतं.

२२५/५० आर १७ मापाचा टायर घ्या. नवा असताना त्याचा व्यास साधारण ६५७ मिलिमीटर, म्हणजे एक किलोमीटरला तो जवळपास ४८५ वेळा फिरतो. नक्षी ५ मिलिमीटर झिजली, की व्यास १० मिलिमीटरने कमी होतो आणि तोच टायर किलोमीटरला ४९२ वेळा फिरतो. फरक सात-साडेसात फेऱ्यांचा. छोटा वाटतो ना? वाशी ते पुणे अंदाजे १२० किलोमीटर धरा. झाल्या की ९०० फेऱ्या!

पुढे दोन नवे टायर आणि मागे दोन गोटा झालेले, अशी गाडी असेल, तर या ९०० फेऱ्यांचा फरक मधल्या क्लचला पचवावा लागतो. संगणकाला वाटतं मागची चाकं घसरताहेत. तो क्लच आवळत राहतो, क्लच तापतो, प्लेट झिजतात आणि एक दिवस दिवा पेटतो. म्हणून अशा गाडीला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि झीजही जवळपास सारखी असलेले हवेत. "दोनच बदला, पैसे वाचतील" हा सल्ला साध्या हॅचबॅकला चालून जातो. इथे तो महागात पडतो.

मग त्या रात्री काय झालं?

दादाने ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. काकांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले.

"दिव्यांचा रंग काय?"

"पिवळा, काका."

"ब्रेकचा लाल दिवा नाही ना? पेडल नेहमीसारखं लागतंय ना?"

"हो, पेडल नीट आहे."

"गाडीला धक्के, घरघर, जळका वास असं काही?"

"नाही, काका."

"मग घाबरू नकोस. हळू चालवत घरी ने, अंतर ठेव, जोरात ब्रेक मारू नकोस. सकाळी घेऊन ये."

हे तीन प्रश्न पाठ करून ठेवा. डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या रंगांचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. लाल म्हणजे धोका, थांबा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, लवकर दाखवून घ्या. हिरवा म्हणजे सुरू आहे, ठीक आहे. पिवळा एबीएस दिवा असताना साधे ब्रेक लागतात, पण चाक जाम होण्यापासून वाचवणारं कोणी नसतं. आणि पिवळ्या एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी पुढे न्यायची नाही.

समजा थांबावंच लागलं, तर आणखी एक गोष्ट. दोन चाकं उचलून, दोन रस्त्यावर फरफटत नेणारं टोचन अशा गाडीला नको. चाकं आतून एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे धडधाकट क्लच किंवा गिअरबॉक्सही त्यात बिघडू शकतो. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी मागवा.

सकाळी काकांनी स्कॅनर लावला. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला. वायर घासून उघडी पडली होती, त्यात पाणी शिरलं होतं. सेन्सर आणि मजुरी मिळून काही हजारांत काम झालं, तिन्ही दिवे विझले. दादाने सुस्कारा सोडला. मग काका खाली वाकले, टायरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पुढचे दोन कधी बदललेस?" गाडी विकणाऱ्याने विकण्याआधी फक्त पुढचे दोन टायर नवे टाकले होते. काकांनी सांगितलं, हे असंच ठेवलंस तर पुढचं बिल सेन्सरचं नसेल. दादाने गुपचूप मागचे दोनही बदलले. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे.

निघताना काकांनी सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगते. चावी फिरवली किंवा बटण दाबलं, इंजिन सुरू करायच्या आधी, की एबीएस, ईएसपीसारखे इशाऱ्याचे दिवे क्षणभर पेटतात आणि विझतात. गाडी स्वतःला तपासत असते. एखादा दिवा पेटलाच नाही, तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आणि काही लोक स्कॅनरने कोड पुसून गाडी दाखवतात. दिवे काही वेळ गप्प राहतात, मग परत पेटतात. म्हणून गाडी बघायला गेलात तर सोसायटीला चक्कर मारून समाधान मानू नका. चांगली अर्धा तास चालवा, वळणं घ्या, आणि शेवटी खाली वाकून चारही टायर बघा.

तर मंडळी, जीपच्या ड्रायव्हरच्या हातात दांडा होता, क्वाट्रोच्या ड्रायव्हरकडे लॉक होतं. आपल्याकडे फक्त दिवा उरलाय. कोणी काळी चिकटपट्टी लावून तो झाकतं, कोणी "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे" म्हणून महिनोन्महिने तसंच फिरतं. पण मग भर पावसात खंडाळ्याच्या घाटात, समोर ट्रक अचानक थांबतो, तेव्हा एबीएस आणि ईएसपी दोघंही रजेवर असतात. दिवा पिवळा असला तरी त्या क्षणी त्याची किंमत लाल दिव्याइतकीच असते.

आज घरी गेलात की एक करा. गाडी कोणाचीही असो, बाबांची, काकांची, मित्राची, चावी फिरवून तीन सेकंद थांबा आणि कोणते दिवे पेटतात ते बघा. एखादा पेटला नाही किंवा विझला नाही, तर त्यांना सांगा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा, आणि पावसात गाडी जपून चालवा!